मनगटावरचा वजनकाटा

आण्णा मगदुमांच्या घरी जेवायला गेलेल्या माणसाचं दोनदा वजन होतं. एकदा पानावर बसायच्या आधी, एकदा हात धुतल्यावर.

सोप्यात पोती मोजायचा एक जुना लोखंडी काटा ठेवलेला आहे. पाहुण्यानं त्यावर उभं राहायचं, आण्णांनी चष्मा कपाळावर चढवून दांडीवरचं वजन सरकवायचं, आणि आधीच्या-नंतरच्या आकड्यांतला फरक साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करायचा. "फक्त सहाशे ग्रॅम? पावणं, आमच्यात मीठ कमी पडलं व्हय?" एवढं ऐकल्यावर पाहुणा मुकाट्यानं परत पानावर जाऊन बसतो. मागच्या गल्लीतला नवा जावई पहिल्या वर्षी इथं जेवायला आला आणि पांढऱ्या रश्श्याच्या जोरावर एक किलो नऊशे ग्रॅम वाढून उतरला. त्याला आता सासुरवाडीत नावानं कोणी हाक मारत नाही. "एकोणीसशे आले, पाट मांडा," असं म्हणतात.

मी आण्णांचा शेजारी. आमच्या दोन घरांच्या मध्ये छातीएवढी भिंत आहे, आणि कोल्हापूरच्या कसबा बावड्यात भिंत असते ती तिच्यावर कोपर टेकून बोलण्यासाठी. मी शाळेत भूगोल शिकवतो. त्यामुळं खोटं कधी बोलत नाही. फक्त प्रमाण थोडं बदलतो, नकाशात बदलतात तसं.

आण्णा चौतीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. उसानं भरलेली ट्रॉली काट्यावर यायची, आण्णा वजन घ्यायचे. ऊस खाली झाला की रिकामी ट्रॉली परत काट्यावर. भरलेल्यातून रिकामी वजा केली की उरला तो शेतकऱ्याचा ऊस. काम एवढंच, पण आण्णांनी ते गुरवानं पूजा करावी तसं केलं. प्रत्येक गाडीआधी काटा शून्यावर आलाय का ते बघायचं, आणि आला नसेल तर मागं कितीही भोंगे वाजोत, जागचं हलायचं नाही. एकदा एका ट्रॉलीवर कावळा येऊन बसला. आण्णांनी वजन घ्यायला नकार दिला. "कावळा कारखान्याचा सभासद हाय काय? मग त्येचं वजन उसात कशापायी धरू?" असं म्हणून ते हाताची घडी घालून बसले. कावळाही बावड्याचाच. तोही हटेना. गाड्यांची रांग नदीच्या पुलापर्यंत गेली. शेवटी एक अधिकारी शिडी लावून ट्रॉलीवर चढले, कावळा उडाला, अधिकारी खाली उतरेपर्यंत आण्णा परत थांबले, आणि मगच पावती फाडली.

या नोकरीतून त्यांना एक वाक्य मिळालं. "आदी काटा शून्यावर आना, मग बोला." हे वाक्य ते कुठंही लावतात. भावाभावांची भांडणं सोडवायला बसले की म्हणतात, "गेल्या भांडनाचं वजन अजून काट्यावरच हाय. ते उतरवा, मग नवीन चढवा." आणि खरं सांगतो, भांडणं मिटतात.

दुसरा मिळाला तो संशय. जगातलं कुठलंच मोजमाप त्यांना मान्य नाही. शिंप्यानं छाती मोजली की ते टेप हिसकावून शिंप्याची छाती मोजतात. डॉक्टरनं रक्तदाब घेतला की म्हणतात, "आता तुमचा घ्या, म्हंजे कळंल यंत्र कसल्या जातीचं हाय ते." आमच्या शाळेची घंटा दोन मिनिटं मागं आहे असा लेखी अर्ज त्यांनी तीन मुख्याध्यापकांना दिलाय. तिघंही निवृत्त झाले, घंटा अजून मागंच आहे.

अशा माणसाच्या मनगटावर स्मार्टवॉच बांधणं म्हणजे वळूला चष्मा लावण्यासारखं होतं. पण ते बांधलं गेलं, आणि बांधलं त्यांच्या लेकीनं.

आण्णांची बायको, म्हणजे आमच्या काकी, जाऊन आता चार वर्षं झाली. वंदना एकुलती एक, पुण्यात एका विमा कंपनीत मोठी अधिकारी. गेल्या उन्हाळ्यात आण्णांना मंडईत चक्कर आली. आण्णांच्या मते चक्कर आलीच नव्हती, दोडके निवडायला ते खाली बसले होते आणि लोकांनी उगाच पाणी मारलं. पण खबर पुण्याला पोचली आणि पाच तासांत वंदनाची गाडी दारात. मी भिंतीवर कोपर टेकून होतोच.

"आण्णा, आता एकटं राहायचं नाही. पुण्याला चला."

"न्हाय."

"का नाही?"

"पुन्यात भिंती लई उंच हाईत. शेजाऱ्यासंगं बोलायचं तर आदी फोन लावाय लागतोय."

तासभर असं चाललं. शेवटी वंदनानं पिशवीतून एक डबी काढली, डबीतून काळं चौकोनी घड्याळ काढलं आणि बापाच्या मनगटावर आवळलं.

"मग हे चोवीस तास हातात ठेवायचं. तुमची पावलं, झोप, छातीचे ठोके, सगळं मला माझ्या फोनवर दिसणार. ज्या दिवशी हे गप बसेल, नाहीतर यात काही वावगं दिसेल, त्या दिवशी मी गाडी घेऊन येणार आणि तुम्हाला घेऊन जाणार. तेव्हा तुमचं एक ऐकणार नाही."

"म्हंजे बापाला काट्यावर उभा केलास म्हन की."

"हो."

"आनि काटा चुकला तर?"

"चुकू देऊ नका. काटेवाले तुम्ही आहात."

लेक कोणाची, ते सांगायला नको. आण्णांनी मान हलवली. बावडा राहणार की सुटणार, हे आता त्या काळ्या चौकोनावर ठरणार होतं, आणि आण्णांनी त्याच क्षणी त्याच्याशी वैर धरलं.

पहिली चकमक दुसऱ्याच सकाळी झाली. मी दात घासत होतो, तोवर भिंतीपलीकडून हाक आली.

"मास्तर, ह्ये हातात बेडकागत थरथरतंय. काय म्हनतंय बगा."

मी इंग्रजी वाचून सांगितलं, "फार वेळ बसलाय, उठा आणि थोडं फिरा, असं म्हणतंय."

"मला ऊठ म्हनतंय?"

"उठा की मग."

"मास्तर, कारखान्यात मोटारीतनं साहेब लोक यायचे तवा मी उठलो न्हाय. ह्या डबीसाठी उठू व्हय?"

त्या दिवशी आण्णा मुद्दाम बसून राहिले. घड्याळ तासातासाला थरथरलं, आण्णा तासातासाला "न्हाय" म्हणाले. दुपारी दोन वाजता घड्याळ काळं पडलं. आण्णांनी भिंतीवरून विजय जाहीर केला. "दमलं बगा. मगदुमासंगं बसायची पैज लावत हुतं." पाच मिनिटांत फोन वाजला. वंदना. "आण्णा, घड्याळ गप का? निघू का मी?" बॅटरी संपली होती. आण्णांनी फोनवर "दोन मिनिटं, दोन मिनिटं" करत चार्जर शोधला तेव्हा त्यांना कळलं की हा शत्रू मेला तरी आपलंच नुकसान आहे. शत्रूला सांभाळून लढायचं होतं.

मग ते सांभाळायला शिकले. अर्थात भांडत भांडत. घड्याळानं त्यांच्या झोपेला शंभरपैकी एकसष्ट गुण दिले तेव्हा ते आठ दिवस धुमसत होते. "माझी झोप, माझी वाकळ, आनि मार्क देनारं ह्ये कोन? मी झोपलो तवा ह्ये जागं हुतं म्हनून काय मास्तर झालं?" हे शेवटचं माझ्याकडं बघून. एकदा राजकारणावर बोलताना त्यांनी लाकडी बाकावर जोरात हात आपटला, तर घड्याळाला वाटलं माणूस पडला, आणि त्यानं विचारलं, तुम्ही पडलात काय? आण्णा म्हणाले, "मी न्हाय, आमचा उमेदवार पडला," पण बटण दाबायचं विसरले. अर्ध्या मिनिटात वंदनाचा फोन.

पावलांची चौकशी तर त्यांनी रीतसर केली. डाव्या खिशात मूठभर चिंचोके. दर शंभर पावलांना एक चिंचोका उजव्या खिशात. घरापासून नदीच्या घाटापर्यंत आणि परत. चिंचोके आणि घड्याळ जवळजवळ जुळले. पण संध्याकाळी बघतात तर घड्याळात साडेचारशे पावलं जास्त. रोज तेवढीच. आण्णा तीन दिवस घरात हळूहळू चालत, दर दहा मिनिटांनी मनगटाकडं बघत, चोर शोधत होते. चौथ्या दिवशी सापडला.

"मास्तर, ह्ये भाकरीला चालनं समजतंय."

काकी गेल्यापासून आण्णा स्वतःच भाकरी थापतात. परातीवर हात थपथप पडतो, त्याला घड्याळ पाऊल धरत होतं. तीन भाकरींची साडेचारशे पावलं. ही बातमी समोरच्या शालनवहिनींनी ऐकली. त्यांच्या महिला मंडळात कुणाची पावलं जास्त अशी स्पर्धा लागली होती आणि वहिनींचे गुडघे दुखत होते. पुढचा आठवडाभर त्यांनी बसल्या जागी परात सोडली नाही. गल्लीत एकाही घरात चपाती झाली नाही. सकाळ-संध्याकाळ सगळ्यांना भाकरी, सोबत आग्रह. वहिनी पहिल्या आल्या. घड्याळाच्या हिशेबानं त्या परातीवरून पन्हाळ्याला जाऊन आल्या होत्या.

आण्णांना मात्र हे सहन झालं नाही. "चौतीस वर्सं खोटं वजन लावलं न्हाय, आता भाकरीवर लावू व्हय?" घड्याळ काढून ठेवावं तर ठोके दिसायचे बंद होणार, म्हणजे पुण्याचा फोन. मग त्यांनी तोडगा काढला. भाकरी करताना घड्याळ घोट्याला. आजही दहा वाजता त्यांच्या स्वयंपाकघरात डोकावलं तर धोतर गुडघ्यापर्यंत, घोट्यावर हिरवा दिवा लुकलुकतोय आणि वर भाकरी चाललीय, असं दिसतं.

हळूहळू त्या घड्याळाची नाडी त्यांना अशी सापडली की गल्लीतल्यांची घड्याळं त्यांच्याकडं यायला लागली. रविवारी सकाळी आण्णांच्या कट्ट्यावर रांग. माझं प्रमाण लावून सांगायचं तर रांग कुरुंदवाडपर्यंत जायची, पण दहा-बारा माणसं खरोखर असायची. आण्णा पहिलं काम करायचे ते म्हणजे घड्याळ उलटं करून कापसाची वात फिरवायचे. "चार्ज हुत न्हाय म्हनता, आनि टोकाला पीठ किती साचलंय बगा. गिरनीत घालून बसता काय?" दुसरं काम, बाजूचं बटण दाबून ठेवून घड्याळ बंद करून परत चालू करणं. ते म्हणजे काटा शून्यावर आणणं. निम्मी गिऱ्हाइकं इथंच बरी होऊन जायची. बॅटरी दुपारीच संपते म्हणून एक जण आला, त्याच्या घड्याळाचा पडदा दिवसभर उजळ राहायचा. "दिवाळीचा आकाशकंदील हाय व्हय ह्यो? हात वर केल्यावर लागंल असं करून ठेव." एका निवृत्त साहेबांना घड्याळावर निरोप येत नव्हते. आण्णांनी घड्याळाला हात न लावता त्यांचा फोन मागून घेतला. "निरोप येतोय हो. तुमच्या फोननंच त्येला उंबऱ्यात अडवलाय. परवानगी द्या."

नवीन फोन घेतला की घड्याळ त्याला जोडलं जात नाही, ही तक्रार सगळ्यात जास्त. त्यावर आण्णांचं उत्तर ठरलेलं. "ही सोयरीक हाय. जुनी मोडल्याबिगर नवी जुळत न्हाय. जुन्या फोनमधनं ह्येचं नाव काडलंस काय? मग? दोनीकडं कुकू लावून कसं चालंल?"

एकदा एक तगडा तरुण आला. घड्याळ नवं कोरं, पण ठोकेच दाखवत नव्हतं. आण्णांनी पट्टा सोडला. मनगटावर काळ्याभोर अक्षरांत 'आई' असं गोंदलेलं. ठोके मोजणारा हिरवा उजेड कातडीच्या आत जातच नव्हता. आण्णा म्हणाले, "आई आडवी आलीय बाळा. घड्याळ दुसऱ्या हातात बांध. आईला हलवू नगंस."

त्यांचं स्वतःचं घड्याळ एकदा अडलं तेव्हा मी त्यांना राजारामपुरीतल्या एका दुकानात घेऊन गेलो. काउंटरवरचा माणूस घड्याळाकडं न बघताच म्हणाला, "काका, हे दुरुस्त होत नसतं. नवीन घ्या."

"बगितलंस तरी?"

"बघायचं काय त्यात? दोन वर्षं झाली की जुनं होतं."

आण्णांनी दुकानातली खुर्ची ओढली आणि बसले. "मी एकाहत्तर वर्सांचा हाय. माझ्याबद्दल काय म्हननं हाय तुमचं?" मग त्यांनी सदऱ्याच्या टोकानं घड्याळ पुसलं, बटण दाबून धरलं आणि मोठ्यानं आकडे मोजायला लागले. एक, दोन, तीन. गिऱ्हाइकं थांबली. बाहेरून माणसं आत आली. वीसला पडदा उजळला. कुणीतरी टाळी वाजवली. आण्णा उठले आणि काउंटरवाल्याला शांतपणे म्हणाले, "पावणं, बंद पडलं म्हंजे मेलं असं नसतंय."

असं सगळं वर्षभर झकास चाललं होतं. पुण्याहून गाडी आली ती फक्त सणाला. आण्णा जिंकल्यातच जमा होते. मग श्रावणातल्या एका शुक्रवारी मी चार वाजता शाळेतून आलो, आणि चप्पल काढतोय तोवर पलीकडून हाक आली. हाकेत काहीतरी कमी होतं.

"मास्तर, भिंतीवरनं या. काटा बिघडलाय."

मी भिंतीवरून गेलो. आण्णा सोप्यात बसले होते, समोर कापूस, पाण्याचा तांब्या, घड्याळ. त्या घड्याळाच्या बटणावर बोट ठेवून अर्धं मिनिट गप बसलं की ते ठोके कसे पडतात ते तपासून सांगतं. दुपारपासून ते एकच गोष्ट सांगत होतं. मी वाचलं. ठोके एकसारखे पडत नाहीत, डॉक्टरांना दाखवा.

"वंदनाला गेलं हे?"

"न्हाय. पयलं दिसल्याबरोबर फोनचं ब्लूटूथ बंद केलंय. बिगडलेल्या काट्याची पावती फाडायची नसती."

त्यांनी सगळं करून झालं होतं. पुसलं होतं, बंद करून चालू केलं होतं, पट्टा मनगटाच्या हाडाच्या एक बोट वर आवळला होता, डावा हात सोडून उजव्या हातावर बांधलं होतं, पाणी पिऊन पंधरा मिनिटं स्वस्थ बसले होते. उत्तर तेच.

"आता तुमी घाला," आण्णा म्हणाले. "काट्यावर संशय आला तर म्हाईत असलेलं वजन ठेवून बगायचं असतंय."

मी घातलं. बोट ठेवलं. भिंतीवरून उडी मारल्यामुळं ठोके एकशे चार होते, पण सरळ. सगळं ठीक. आण्णांनी रस्त्यापलीकडं हाक मारली. शालनवहिनी हात पुसत आल्या, त्यांनी मनगट पुढं केलं. सगळं ठीक. आण्णांनी घातलं. ठीक नाही. परत मी, ठीक. परत आण्णा.

वहिनी घरी गेल्या. आण्णा मनगटाकडं बघत होते. पलीकडच्या घरात कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.

"काटा खरा हाय, मास्तर."

मग गंमत अशी झाली की मीच बिथरलो. "कसला खरा? वर्षभर पीठ खाल्लंय त्यानं. घोट्याला बांधून बांधून पार वाट लागलीय. नवीन आणू या, आत्ता जाऊ या." मला ऐकू येत होतं की मी त्या काउंटरवाल्यासारखं बोलतोय, पण थांबता येईना.

तेवढ्यात फोन वाजला. आण्णांनी स्पीकर लावला.

"आण्णा, मी आत्ता मीटिंगमधून बाहेर आले, तीन तास झाले, घड्याळ गप आहे. काय झालं?"

"तपासतोय. अर्धा तास दे."

"अर्धा तास. मग मी निघते."

फोन ठेवला. अर्ध्या तासात ठरणार होतं. घड्याळ गप राहिलं तरी पुणं, बोललं तरी पुणं. मी भूगोलाचा माणूस. दोन्हीकडून दरी असली तर मधली वाट शोधणं हा माझा धंदा. मी आवाज खाली आणला.

"आण्णा, मी घालतो. आठ दिवस माझ्या हातात राहू दे. वंदनाला माझे ठोके दिसतील, ती निवांत. तोवर आपण इथल्याच डॉक्टरला दाखवू. गोळी लागली तर गोळी घेऊ. पुण्याला कळायचं कारण नाही. बावडा सुटायचा नाही."

मला वाटलं आता गल्ली हादरणार. पण आण्णा ओरडले नाहीत. ते बोलले ते इतकं हळू, की भिंतीपलीकडं माझ्या घरातही ऐकू गेलं नसतं.

"तुमच्या काकीचं वजन करायचो मी दर ऐतवारी. तिला लाज वाटायची, पन उभी ऱ्हायची. गेली त्या साली एकदा दोन किलो कमी भरली. मग तीन. मी म्हनलं, काटा बिगडलाय. खोलला, दांडी पुसली, शून्यावर आनला. पुन्यांदा कमी. परत खोलला. वंदी येऊन गेली की फोनवर म्हनायची, आण्णा, आई बारीक दिसतीय. मी तिला सांगितलं, काटा बिगडलाय, दुरुस्त करतोय." त्यांनी तांब्यातलं पाणी भांड्यात ओतलं, प्यायले नाहीत. "चार येळा खोलला, मास्तर. चार म्हयने गेले. काटा खरा हुता."

 प्रमाण बदलून सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आण्णांनी घड्याळ परत मनगटावर चढवलं, पट्टा आवळला, फोन उचलून ब्लूटूथ चालू केलं, आणि बटणावर बोट ठेवून अर्धं मिनिट ताठ बसले. घड्याळ थरथरलं. पावती गेली.

दोन मिनिटांत फोन. वंदना काही बोलायच्या आधीच आण्णा म्हणाले, "वंदे, घड्याळात बिगाड न्हाय. सगळं तपासलंय. दोन मानसांच्या हातात घालून बगितलंय. बिगाड माझ्यात हाय. ये तू."

पलीकडून हुंदका ऐकू आला.

"रडू नगंस. आनि आता निघू नगंस, पावसात घाट लागतोय. सकाळी ये. म्या कुटं पळून जात न्हाय."

पुढचं सरळ आहे. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, गोळ्या लागल्या. वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले. आण्णा दोन महिने पुण्याला राहून आले. तिथल्या लिफ्टमध्ये 'सहा माणसे' अशी पाटी होती. सहा माणसं म्हणजे कुठली, पुण्याची की कोल्हापूरची, असं त्यांनी सोसायटीला लेखी विचारलं. उत्तर यायच्या आत डॉक्टरांनी परवानगी दिली आणि ते परत बावड्याला आले. आता महिनाभर इथं, मग आठवडाभर तिथं, असं दोघांत ठरलंय. गोळ्यांच्या पाकिटावर लिहिलेलं वजन आणि गोळीचं खरं वजन यावर औषधांच्या दुकानदाराशी त्यांचा पत्रव्यवहार चालू आहे.

पण त्या शनिवारची सकाळ मी विसरत नाही.

साडेनऊला गाडी आली. सगळी गल्ली आपापल्या भिंतीवर कोपर टेकून होती, कारण बाप-लेकीचं भांडण आमच्याकडं चुकवत नाहीत. वंदना तरातरा आत आली. रस्ताभर ती काय काय बोलायचं ते जुळवत आली असणार, चेहऱ्यावर सगळं तयार होतं. सोप्यात आण्णा अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून बसले होते. शेजारी कपड्यांची पिशवी, चेन लावलेली.

वंदना पिशवीकडं बघत उभी राहिली. 

आण्णांनी घड्याळाचा हात पुढं केला. "बग. तुझं तूच बग."

ती त्यांच्याजवळ खाली बसली. घड्याळाचा पट्टा सोडला, घड्याळ बाजूला ठेवलं. त्याच्याखाली वर्षभरात पडलेला पांढरा चौकोन होता. त्याच्या जरा खाली तिनं तीन बोटं टेकवली, डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत मोजायला लागली.

आम्ही सगळे आपापल्या भिंतींशी उभे. मिनिट कधीच होऊन गेलं होतं. तिनं बोटं काढली नाहीत, आणि आण्णांनीही हात मागं घेतला नाही.